बिघडलं, खालावलं, चिघळलं: इंग्रजीत कोणतं क्रियापद, कुठे आणि कसं

सोसायटीचा अर्ज, विम्याचा दावा, परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायची मेल, स्पर्धा परीक्षेचा निबंध. काहीतरी बिघडत चाललंय हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की सांगली-मिरजेकडच्या बहुतेकांना दोनच शब्द आठवतात: 'स्पॉइल' आणि 'डिटीरिअरेट'. रस्ता स्पॉइल, तब्येत स्पॉइल, नेटवर्क स्पॉइल. जरा भारदस्त लिहायचं असलं की त्याच जागी 'डिटीरिअरेट' येतो. मोबाइलमध्ये 'बिघडणे' टाकायचं आणि पहिला जो शब्द दिसेल तो उचलायचा, अशी ही पद्धत आहे. असं लिहिलेले अर्ज माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा शब्दसंग्रह कमी असल्याचं फारसं जाणवत नाही. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. इंग्रजी शब्द आधी ठरतो आणि काय झालंय याचा विचार नंतर होतो, कधी होतच नाही.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. वापरण्याआधी प्रत्येकाचं स्पेलिंग शब्दकोशात पाहून घ्या.

पायरी 1: आधी मराठी वाक्य नेमकं करा

या पायरीवर वेळ गेला तरी चालेल, कारण पुढचं निम्मं काम इथेच होतं. कागदावर मराठीत वाक्य लिहा आणि त्यातून 'बिघडलं', 'खराब झालं', 'वाट लागली' हे शब्द काढून टाका. त्या जागी नेमकं क्रियापद घाला. मराठीत त्याची वाण नाही. दूध नासतं, डाळ विटते, पीठ आंबतं, शेंगदाणे खवट होतात, भडंग सादळतं, लोखंड गंजतं, लाकूड किडतं, कापड विरतं, रंग उडतो, भिंत खचते, जखम चिघळते, तब्येत खालावते, दर घसरतात, पटसंख्या रोडावते, पूर ओसरतो. घरात बोलताना आपण यांतलं एकही चुकत नाही. 'दूध गंजलं' असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र ही सगळी क्रियापदं एका 'बिघडलं'मध्ये कोंबली जातात.

नेमकं मराठी वाक्य झालं की त्याखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. जे बिघडलं ते मुळात चांगलं होतं की वाईटच होतं?
2. ते आपोआप बिघडलं की कुणी किंवा कशाने तरी बिघडवलं?
3. हळूहळू झालं की एकदम?
4. होऊन गेलं की अजून चालू आहे?

तपासा: चारांपैकी एकाचंही उत्तर 'माहीत नाही' असेल तर इंग्रजीकडे वळू नका. आधी माहिती काढा. 'गोदामातला माल खराब झाला' एवढ्यावर कुठलंच क्रियापद ठरत नाही.

पायरी 2: चांगल्याची घसरण की वाईटाची वाढ?

सगळ्यात जास्त वाक्यं इथे पडतात, आणि शाळेत हे क्वचितच सांगितलं जातं.

'डिटीरिअरेट' म्हणजे जे बऱ्या अवस्थेत होतं ते खाली येणं. म्हणून त्याचा कर्ता अशी गोष्ट हवी जी चांगली असू शकते: तब्येत, दर्जा, रस्त्याची अवस्था, दोन घरांमधले संबंध, हवेची गुणवत्ता. 'हिज हेल्थ डिटीरिअरेटेड' बरोबर. 'द कंडिशन ऑफ द रोड हॅज डिटीरिअरेटेड' बरोबर. रस्ता एकेकाळी नीट होता, म्हणून 'द रोड हॅज डिटीरिअरेटेड'सुद्धा चालतं.

पण वेदना, प्रदूषण, पाणीटंचाई, वाहतूक कोंडी, पूर या मुळातच नकोशा गोष्टी आहेत. त्यांचा ऱ्हास व्हावा असंच आपल्याला वाटतं! त्यामुळे 'द पेन डिटीरिअरेटेड' हे इंग्रजी वाचणाऱ्याला खटकतं. दुखणं वाढलं असं सांगायचं असेल तर 'द पेन वर्सन्ड' किंवा साधं 'द पेन गॉट वर्स'. प्रदूषणाचंही तसंच: 'पोल्यूशन हॅज वर्सन्ड' लिहा, किंवा कर्ता बदलून 'एअर क्वालिटी हॅज डिटीरिअरेटेड' लिहा. दोन्ही वाक्यं एकच वस्तुस्थिती सांगतात. पहिल्यात वाईट गोष्ट वाढते, दुसऱ्यात चांगली गोष्ट घसरते.

खंबाटकी घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत. 'ट्रॅफिक हॅज डिटीरिअरेटेड' लिहू नका. 'द ट्रॅफिक हॅज गॉट वर्स' पुरेसं आहे.

पुराच्या बातमीत हा फरक फार उपयोगी पडतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांचं वर्णन लिहायचं तर तीन वेगळे कर्ते आणि तीन वेगळी क्रियापदं लागतात. पाण्याची पातळी: 'रोज', म्हणजे वाढली. पूरस्थिती: 'वर्सन्ड', म्हणजे गंभीर झाली. नंतर पाणी: 'रिसीडेड', म्हणजे ओसरलं. 'फ्लड डिटीरिअरेटेड' लिहिलंत तर पुराचा दर्जा घसरला असा काहीतरी अर्थ होतो. आणि 'वॉटर लेव्हल वर्सन्ड' हेही नको. पातळी वाढते किंवा उतरते, वाईट होते ती परिस्थिती. परिस्थितीला, म्हणजे 'सिच्युएशन'ला, 'डिटीरिअरेट' आणि 'वर्सन' दोन्ही चालतात. अडलात तर कर्ता 'सिच्युएशन' किंवा 'कंडिशन' करून सुटका करून घेता येते. मात्र प्रत्येक वाक्यात ही पळवाट वापरली की पत्र सरकारी परिपत्रकासारखं वाचलं जातं.

'प्रॉब्लेम'चं लक्षात ठेवा: समस्या 'वर्सन' होते, 'डिटीरिअरेट' होत नाही.

सावधान: 'वर्स' आणि 'वर्स्ट' यांची गल्लत. बॅड, वर्स, वर्स्ट. 'वर्स' म्हणजे आधीपेक्षा वाईट, 'वर्स्ट' म्हणजे सगळ्यांत वाईट. 'इट इज गेटिंग वर्स्ट' हे चूकच, 'इट इज गेटिंग वर्स' हवं. 'मोअर वर्स'ही नको, कारण 'वर्स'मध्ये 'मोअर' आधीच आहे.

पायरी 3: आपोआप की कुणामुळे?

मराठीत बिघडणे-बिघडवणे, झिजणे-झिजवणे, सडणे-सडवणे अशा जोड्या आहेत. 'व' आला की करणारा आला. इंग्रजीत बऱ्याचदा क्रियापदाचं रूप तेच राहतं, म्हणून कोणतं क्रियापद कुठल्या गटात बसतं हे पाठच करावं लागतं.

पहिला गट, फक्त 'बिघडणे': 'डिटीरिअरेट' (व्यवहारात असंच वापरा) आणि घसरण या अर्थाचा 'डिक्लाइन'. यांच्यापुढे कर्म ठेवू नका. 'द रेन डिटीरिअरेटेड द रोड' ऐवजी 'द रेन डॅमेज्ड द रोड' लिहा. 'डिक्लाइन'पुढे कर्म आलं की अर्थच उलटतो. 'ही डिक्लाइन्ड द ऑफर' म्हणजे त्याने प्रस्ताव नाकारला.

दुसरा गट, फक्त 'बिघडवणे': 'एक्झॅसरबेट', 'ॲग्रव्हेट', 'इम्पेअर', 'अंडरमाइन', 'डॅमेज'. यांना कर्म हवंच. 'द प्रॉब्लेम एक्झॅसरबेटेड' हे अर्धवट वाक्य आहे, वाचणारा विचारतो, कशाने? 'द डिगिंग एक्झॅसरबेटेड द प्रॉब्लेम', खोदाईने समस्या आणखी वाढवली, हे पूर्ण वाक्य. शिवाय 'एक्झॅसरबेट' आणि 'ॲग्रव्हेट' यांचं कर्म आधीच वाईट असावं लागतं: समस्या, टंचाई, दुखापत, वाद, दमा. 'स्मोकिंग ॲग्रव्हेटेड हिज अस्थमा' बरोबर. 'स्मोकिंग ॲग्रव्हेटेड हिज हेल्थ' चूक. तब्येत चांगली असू शकते, म्हणून तिथे 'डॅमेज्ड हिज हेल्थ'. पायरी 1 मधला पहिला प्रश्न इथे परत कामाला येतो.

'इम्पेअर', म्हणजे क्षमता कमी करणे, दृष्टी, श्रवण, निर्णयक्षमता यांच्यासाठी. 'अंडरमाइन', म्हणजे आतून पोखरणे, विश्वास, अधिकार, प्रयत्न यांच्यासाठी. रस्ता, मोटर, बेदाणा यांच्या जवळपासही हे दोन शब्द आणू नका.

तिसरा गट दोन्हीकडे चालणारा: 'वर्सन', 'स्पॉइल', 'रॉट', 'इरोड', 'कोरोड', 'डिग्रेड'. 'द रिव्हर हॅज इरोडेड द बँक', नदीने काठ खाल्ला. 'द बँक हॅज इरोडेड', काठाची धूप झाली. दोन्ही ठीक. 'डिग्रेड' जपून वापरा: जमिनीच्या बाबतीत तो ऱ्हास, माणसाच्या बाबतीत अपमान. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला वारेमाप पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्याबद्दल 'ओव्हर-इरिगेशन हॅज डिग्रेडेड द सॉइल' नेमकं बसतं. आणखी नेमकं हवं असेल तर 'द लँड हॅज बिकम वॉटरलॉग्ड अँड सलाइन'. मी असते तर दुसरं लिहिलं असतं. त्यात नक्की काय झालं ते दिसतं.

कुणाकडे बोट दाखवायचं आणि कुणाकडे नाही, हा हेतूचा प्रश्न आहे. शेजारच्या सोसायटीशी संबंध टिकवायचे असतील तर पहिल्या गटातलं क्रियापद घ्या, दोषी कोण हे वाक्यात येत नाही. खोदाईनंतर रस्ता बुजवला नाही अशी तक्रार करायची असेल तर दुसरा गट घ्या आणि कारण वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवा. तक्रारीच्या अर्जात 'द रोड हॅज डिटीरिअरेटेड' लिहिणं म्हणजे रस्ता आपल्या मर्जीने उखडला असं म्हणण्यासारखं आहे.

सावधान, विम्याचा दावा लिहिणाऱ्यांसाठी: मालमत्तेच्या आणि यंत्रांच्या बहुतेक विमा पॉलिसींमध्ये नेहमीची झीज आणि हळूहळू होणारा ऱ्हास वगळलेला असतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या मालाबद्दल 'द स्टॉक डिटीरिअरेटेड' लिहिलंत तर माल पडून पडून खराब झाला असा वास त्या वाक्याला येतो. 'द स्टॉक वॉज डॅमेज्ड बाय फ्लडवॉटर' लिहा आणि तारीख द्या. सगळाच गेला असेल तर 'डिस्ट्रॉइड', थोडा वाचला असेल तर 'डॅमेज्ड'. वाचलेल्या मालाला 'डिस्ट्रॉइड' लिहिलं की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिला प्रश्न त्यावरच विचारणार.

आणि 'डॅमेजेस' लिहू नका. नुकसान या अर्थी 'डॅमेज' नेहमी एकवचनी. 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाईची रक्कम.

पायरी 4: वस्तू पाहून क्रियापद निवडा

पायरी 1 मध्ये लिहिलेलं नेमकं मराठी क्रियापद आता बाहेर काढा.

*खाण्याच्या वस्तू.* इथे इंग्रजीला वेगळं क्रियापद लागतच नाही. 'गो' घ्या आणि पुढे विशेषण ठेवा. आंबलं: 'वेंट सावर'. खवट झालं: 'वेंट रॅन्सिड', तेल, शेंगदाणे, सुकं खोबरं यांसाठी. बुरशी आली: 'वेंट मोल्डी'. पाव शिळा होऊन कडक झाला: 'वेंट स्टेल'. भडंग सादळलं: 'वेंट सॉगी' किंवा 'लॉस्ट इट्स क्रिस्पनेस'. डाळ विटली: 'वेंट ऑफ', हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग. अमेरिकेतल्या माणसाला लिहिताना 'वेंट बॅड' बरं. दूध नासून फाटलं: 'कर्डल्ड'. साताऱ्याहून मागवलेले कंदी पेढे खराब निघाले आणि त्यांचं काय झालं ते लिहायचंय, तर पेढे आंबले की त्यांना बुरशी आली हे आधी ठरवा. 'पेढाज स्पॉइल्ड' एवढ्यावर दुकानदार पैसे परत देणार नाही.

'स्पॉइल' या शब्दाची खरी जागा हीच, खाद्यपदार्थांची. 'द फूड स्पॉइल्ड इन द हीट' अगदी बरोबर.

*गोदाम आणि शेत.* बेदाणा काळा पडला: 'द रेझिन्स हॅव डार्कन्ड'. हळदीचा रंग उतरला: 'द टर्मरिक हॅज लॉस्ट इट्स कलर'. धान्याला कीड लागली: 'हॅज बिकम इन्फेस्टेड'. द्राक्षाचे मणी तडकले: 'द बेरीज हॅव क्रॅक्ड'. भाजी कोमेजली: 'विल्टेड'. पीक वाळून गेलं: 'विदर्ड'. फळं सडली: 'रॉटेड'. स्ट्रॉबेरी प्रवासात दबून मऊ झाली तर ती सडलेली नसते. 'वेअर ब्रुझ्ड इन ट्रान्झिट' म्हणजे वाटेत मार लागला. हा फरक पैशाचा आहे, कारण सडण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर येऊ शकते आणि मार लागण्याची वाहतूकदारावर.

*यंत्र.* गाडी किंवा मशीन बंद पडलं: 'ब्रोक डाउन'. विहिरीवरची मोटर जळाली: 'बर्न्ट आउट'. बेअरिंग झिजलं: 'हॅज वोर्न आउट'. 'मोटर स्पॉइल्ड' कुठेच नको. 'वेअर आउट' आणि 'वेअर ऑफ' वेगळे: पहिल्यात वस्तू झिजते, दुसऱ्यात औषधाचा किंवा भुलीचा असर उतरतो. 'द इंजेक्शन वोर आउट' असं वाक्य वाचून सुई झिजली असं वाटतं.

*धातू, कापड, इमारत.* 'रस्ट' फक्त लोखंड-पोलादाला. तांबं-पितळ-ॲल्युमिनियम यांना 'कोरोड', आणि तो लोखंडालाही चालतो. चांदी काळवंडली तर 'टार्निश', आणि नावाला बट्टा लागला तरी तोच शब्द. रंग उडाला: 'फेडेड'. दोराचे किंवा कापडाच्या काठाचे धागे सुटले: 'फ्रेड'. भिंतीचा गिलावा भुगा होऊन पडतो: 'क्रम्बलिंग'. जमीन किंवा पाया खचला: 'सबसाइडेड'. हाच 'सबसाइड' पुराला आणि वादळालाही लागतो आणि तिथे अर्थ शमणे असा होतो. एकाच पत्रात दोन्ही अर्थांनी आला तर गोंधळ होईल, म्हणून पुरासाठी 'रिसीड' राखून ठेवा.

*माणसाची तब्येत.* मिरजेच्या हॉस्पिटलमधून परदेशातल्या नातेवाइकांना मेसेज जातात, त्यांत होणारी ठरलेली चूक: 'फादर इज सिरियस'. इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं की वडील गंभीर चेहऱ्याने बसलेत, चेष्टा करत नाहीत. 'फादर इज इन अ सिरियस कंडिशन' लिहा. त्याहून नाजूक असेल तर 'क्रिटिकल'. तब्येत खालावली: 'हिज कंडिशन हॅज डिटीरिअरेटेड'. बरं वाटून पुन्हा तोच आजार उलटला: 'ही हॅज रिलॅप्स्ड'. सांधेदुखीसारखा जुना त्रास अचानक उफाळला: 'हॅज फ्लेअर्ड अप'. 'कोलॅप्स्ड' फक्त माणूस चालता-बोलता कोसळला तर. जखम चिघळली: 'फेस्टर्ड'. पोट बिघडलं: 'ही हॅज ॲन अपसेट स्टमक'.

*संबंध, वाद, नाव.* संबंध बिघडले: 'डिटीरिअरेटेड' किंवा 'सावर्ड'. भावकीतला वाद वाढत जाऊन हातघाईवर आला: 'एस्कलेटेड'. मनातला राग न बोलता साचत, कुजत राहिला तर 'फेस्टर्ड', जखमेचाच शब्द. वाद चिघळला याचं भाषांतर करताना यांतलं कोणतं ते पाहून घ्या: आवाज वाढला असेल तर पहिलं, अबोला वाढला असेल तर दुसरं. बोलणी फिसकटली: 'ब्रोक डाउन'. ठरलेला सौदा किंवा लग्न मोडलं: 'फेल थ्रू' (हा 'फेल' म्हणजे 'फॉल'चा भूतकाळ, नापास नव्हे), पण ते बिघडणं नव्हे, होताहोता न होणं. उत्साह ओसरला: 'वेन्ड'. विश्वास हळूहळू गेला: 'इरोडेड'. शिस्त ढिली पडली: 'स्लॅकन्ड'. मुलगा लाडाने बिघडला: इथे 'स्पॉइल्ट' खुशाल वापरा.

तपासा: लिहिलेलं वाक्य मनात परत मराठीत आणा. 'चांदी गंजली', 'मोटर नासली' असं काही ऐकू आलं तर क्रियापद चुकलंय.

पायरी 5: वेग

इथे थोडक्यात. थोडं आणि तात्पुरतं घसरलं: 'डिप'. हळूहळू संपत आलं: 'ड्विंडल', साठा, गर्दी, पटसंख्या यांसाठी. दर किंवा विक्री जोरात पडली आणि पडूनच राहिली: 'स्लम्प'. एकदम कोसळलं: 'प्लमेट'. वेग क्रियापदातच असेल तर सोबत उलटं क्रियाविशेषण जोडू नका. 'प्लमेटेड स्लाइटली' म्हणजे किंचित धाडकन. 'फॉल' आणि 'डिक्लाइन' यांना स्वतःचा वेग नसतो, त्यांना 'शार्पली', 'स्टेडिली', 'स्लाइटली' हवं ते लावा. शंका असेल तर 'फॉल' घ्या. बाजारभाव दहा रुपयांनी उतरला म्हणून 'प्लमेट' लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि बातम्यांच्या मथळ्यांवरून ती सवय लागते.

पायरी 6: 'आहे'चं काय करायचं

'परिस्थिती बिघडली आहे.' या 'आहे'ने जेवढी इंग्रजी वाक्यं मोडली असतील तेवढी दुसऱ्या कशाने नसतील. 'आहे' दिसलं की हात आपोआप 'इज' लिहितो: 'द सिच्युएशन इज डिटीरिअरेटेड'. इथे 'हॅज' हवं: 'द सिच्युएशन हॅज डिटीरिअरेटेड'. 'हॅज बीन डिटीरिअरेटेड'ही चूक, कारण परिस्थितीला कुणी 'डिटीरिअरेट' केलेलं नाही.

'क्वालिटी इज डिक्लाइन्ड' याहून धोक्याचं. 'इज डिक्लाइन्ड' म्हणजे नाकारलं. गिऱ्हाइकाला वाटेल तुमचा माल कुणीतरी परत पाठवला.

मग 'इज' कधी? पायरी 3 मधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातली क्रियापदं वस्तूची आत्ताची अवस्था सांगत असतील तेव्हा: 'इज डॅमेज्ड', 'इज डिग्रेडेड', 'इज इम्पेअर्ड'. 'द बेअरिंग इज वोर्न'ही चालतं. पहिल्या गटाला 'इज' फक्त 'इंग'सोबत: 'इज डिटीरिअरेटिंग', म्हणजे अजून बिघडतंय.

तारीख दिली की साधा भूतकाळ: 'डिटीरिअरेटेड ऑन मंडे'. तारीख न देता आत्तापर्यंतचा परिणाम सांगायचा तर 'हॅज'. अजून चालू आहे आणि कधीपासून तेही सांगायचं तर 'हॅज बीन' आणि 'इंग'. 'सिन्स लास्ट टू इयर्स' नको. कालावधी असेल तर 'फॉर द लास्ट टू इयर्स', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स 2019'.

पायरी 7: 'बाय', 'टू', 'इन'

समजा बेदाण्याचा दर किलोला 200 रुपयांवरून 160 वर आला. 'फेल बाय 40 रुपीज', 40 ने. 'फेल टू 160 रुपीज', 160 पर्यंत. 'फेल टू 40' लिहिलंत तर समोरचा माणूस 40 रुपयांनी माल मागेल. नाम म्हणून वापरताना 'इन': 'अ डिक्लाइन इन क्वालिटी'. 'रिड्यूस'बद्दलही इथेच सांगते: तो मुख्यतः 'कमी करणे', 'कमी होणे' नव्हे. 'द क्वालिटी रिड्यूस्ड' ऐवजी 'द क्वालिटी हॅज डिक्लाइन्ड' किंवा 'ड्रॉप्ड'.

पायरी 8: एक पूर्ण मजकूर दुरुस्त करून पाहा

तासगावच्या एका काल्पनिक व्यापाऱ्याने परदेशातल्या खरेदीदाराला लिहिलेला मजकूर:

'ड्यू टू हेवी रेन वॉटर केम इन गोडाउन अँड रेझिन्स आर डिटीरिअरेटेड. कलर इज स्पॉइल्ड. सिन्स टू वीक्स इट इज बिकमिंग वर्स्ट. प्राइस इज ऑल्सो डिक्लाइन्ड टू 20 परसेंट. मच डॅमेजेस हॅपन्ड.'

आता पायरी 1 पासून सुरू करा. मराठीत नेमकं काय झालं? 5 ऑगस्टच्या रात्री गोदामात पाणी शिरलं, 40 खोकी भिजली. भिजलेला बेदाणा काळा पडला, काहीला बुरशी आली. उरलेला माल भिजला नव्हता, पण ओलीमुळे दोन आठवडे त्याचा दर्जा उतरत चाललाय. किंमत 20 टक्क्यांनी कमी झाली. चार प्रश्नांची उत्तरं भिजलेल्या आणि उरलेल्या मालासाठी वेगळी येतात. भिजलेला माल पाण्याने बिघडवला, एका रात्रीत, आणि ते होऊन गेलं. उरलेला आपोआप, हळूहळू बिघडतोय आणि ते अजून चालू आहे. म्हणजे एका क्रियापदात दोन्ही बसणार नाहीत हे इथेच कळतं.

दुरुस्त मजकूर:

'रेनवॉटर एंटर्ड अवर गोडाउन ऑन द नाइट ऑफ 5 ऑगस्ट अँड डॅमेज्ड 40 बॉक्सेस ऑफ रेझिन्स. दीज रेझिन्स हॅव डार्कन्ड, अँड सम हॅव गॉन मोल्डी. द क्वालिटी ऑफ द रिमेनिंग स्टॉक हॅज बीन डिटीरिअरेटिंग फॉर द लास्ट टू वीक्स बिकॉज ऑफ द डॅम्प. इट्स प्राइस हॅज फॉलन बाय 20 परसेंट.'

शेवटचं 'डॅमेजेस'चं वाक्य गेलं, कारण पहिल्या वाक्यात ते येऊन गेलं आहे. 'डिटीरिअरेट' एकदाच उरला, त्याच्या हक्काच्या जागी: चांगल्या दर्जाचा माल, आपोआप, हळूहळू, अजून चालू. हाच मजकूर विमा कंपनीला पाठवायचा असेल तर तिसरं वाक्य तसंच नेऊ नका. ओल त्या रात्रीच्या पाण्यामुळेच आली असेल आणि ते तुम्हाला दाखवता येत असेल, तर 'द रिमेनिंग स्टॉक हॅज ऑल्सो बीन अफेक्टेड बाय द वॉटर दॅट एंटर्ड ऑन 5 ऑगस्ट' असं लिहा. ओल आधीपासूनच असेल तर तो माल दाव्यात घालूच नका.

पाठवण्याआधी

मजकुरात 'स्पॉइल' शोधा. जिथे सापडेल तिथे समोर खाद्यपदार्थ किंवा लाडावलेलं मूल आहे का पाहा, नसेल तर बदला. मग 'इज' आणि 'आर' शोधा आणि पुढचा शब्द पहिल्या गटातला आहे का ते बघा. मग 'वर्स्ट' शोधा.

'डिटीरिअरेट'चं स्पेलिंग डी-ई-टी-ई-आर-आय-ओ-आर-ए-टी-ई. आपल्याकडे सर्रास 'डिटोरिएट' म्हणतात आणि तसंच लिहितात. त्यात मधली अक्षरं गळतात आणि क्रमही बदलतो. बोलताना पाच तुकडे पाडा: डि-टी-रि-अ-रेट. मुलाखतीत हा शब्द अडखळत असेल तर 'गेट वर्स' म्हणा. बोलण्यात त्याला कुणी हलकं समजत नाही. 'गॉन टू द डॉग्ज' आणि 'गॉन डाउनहिल' हेही बोलण्यातच ठेवा, अर्जात नको.